जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन घरी उघडायचंय? आधी मोज, मग पार्ट घे

एकाने विचारलंय ते थोडक्यात असं: वडिलांची १९८० च्या दशकातली बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिनवाली, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. ऑइल-पेट्रोल भरून चालू केली तर निळा धूर मारते, इंजिनातून टकटक येते, खाली ऑइल गळतं. मेकॅनिक म्हणाला पूर्ण इंजिन खोलावं लागेल, पिस्टन किट, रॉड, वॉल्व्ह, बेअरिंग सगळं नवीन. त्याला ते काम घरीच करायचंय, हात चालतो पण इंजिन कधी उघडलेलं नाही, आणि शेवटी लिहिलंय "दादा, कुठून सुरू करू आणि काय काय मागवून ठेवू?"

सगळ्यात आधी, काहीही मागवू नकोस. अगदी पिस्टनसुद्धा नाही. उलट पिस्टन तर मुळीच नाही, का ते खाली सांगतो. माझं म्हणणं एका ओळीत एवढंच आहे की इंजिन बांधायचं काम पान्ह्याने कमी आणि मोजमापाने जास्त होतं, आणि ज्यांचं घरचं काम फसतं त्यांचं बहुतेक वेळा न मोजता पार्ट टाकल्यामुळे फसतं, हात वाईट असतो म्हणून नाही.

तुझ्या बाजूने चांगली गोष्ट अशी की पहिल्यांदा शिकायला याच्याइतकं समजूतदार इंजिन नाही. ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरच्या पोकळीचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिलिमीटर, पॉवर जेमतेम १८ हॉर्सपॉवर. एवढं लांब स्ट्रोकचं, कमी आरपीएमवर चालणारं इंजिन, त्यामुळे बारीकसारीक गोष्टींवर ते लगेच रुसत नाही. १९५५ पासून मद्रासला बनायला लागलं आणि २००९-१० पर्यंत मूळ रचना जवळजवळ तीच राहिली, म्हणून पार्ट आजही मिळतात, पुण्यात नाना पेठेत गेलास तरी मिळतात आणि दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरनेही येतात. गिअरबॉक्स वेगळा असल्यामुळे इंजिनचं काम करताना त्याला हात लावावा लागत नाही, आणि हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडर) तर इंजिन चेसीमध्ये ठेवूनच निघतात.

आता धुराचं बघू, कारण मला शंका आहे की तुझा निम्मा प्रॉब्लेम इंजिन न उघडताच सुटेल. या बुलेटचं ऑइल क्रँककेसमध्येच एका वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते ऑइल पंपातून हळूहळू झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. मग तू किक मारतोस तेव्हा चाकं, म्हणजे क्रँकची फ्लायव्हील, सरळ ऑइलमध्ये बुडून फिरतात, ऑइल उडून पिस्टनवर, रिंगांच्या आवाक्याबाहेर, आणि मागून ढगासारखा निळा धूर. तो रिंगांचा दोष नाही. क्रँककेसच्या खालचे दोन्ही ड्रेन प्लग काढ, एक ऑइलच्या कप्प्याचा आणि एक क्रँकच्या बाजूचा, कुठून किती ऑइल निघालं ते वेगवेगळ्या भांड्यात बघ. क्रँकच्या बाजूने भरपूर निघालं तर तुला उत्तर मिळालं. नवीन २०डब्ल्यू५० ऑइल भर (एकूण सव्वादोन लिटरच्या आसपास बसतं, पण डिपस्टिकवर विश्वास ठेव, आकड्यावर नाही) आणि गाडी वीस मिनिटं खरोखर रस्त्यावर चालव, स्टँडवर रेस देत बसू नको. धूर गेला तर गेला.

गळतीचंही तसंच. बुलेट गळतेच असं म्हणून लोक सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही. मोठा सिंगल पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबली जाते, ती ब्रीदरमधून बाहेर जायला हवी आणि वर जाताना परत आत यायला नको, त्यासाठी ब्रीदरच्या नळीला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. इतक्या वर्षांत ते रबर कडक होऊन चिकटलं असणार, किंवा कोणीतरी काढून तिथे साधा पाइप लावला असणार. हवा कोंडली की ऑइल प्रत्येक गॅस्केटमधून वाट काढतं. आधी ते रबर बदल, नळी साफ कर, मग बघ कुठून गळतंय. ब्रीदर बंद ठेवून गॅस्केट बदलत राहिलास तर वर्षभर बदलत राहशील.

एवढं करूनही धूर येत असेल तर तो कधी येतो ते बघ. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी इंजिनवर सोडली आणि परत थ्रॉटल दिल्यावर एकदम भपकारा आला तर वॉल्व्ह गाईड सैल आहेत. थ्रॉटल दाबून चढ चढताना सतत धूर येत असेल तर रिंग आणि बोअर. मग कॉम्प्रेशन बघ. गेज असेल तर उत्तम, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारून आकडा लिहून ठेव, नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोड, परत किक मार, परत आकडा घे. दुसरा आकडा चांगला वाढला तर रिंगांतून गळत होतं, ऑइलने तेवढ्यापुरतं सील केलं. आकडा हललाच नाही तर वॉल्व्ह बसत नाहीयेत. डीकॉम्प्रेशन वॉल्व्ह, म्हणजे किक हलकी जावी म्हणून दाब सोडणारा, तोसुद्धा बघ बरं का, त्याची केबल जरा जरी ताणलेली असेल तर तो थोडा उघडा राहतो आणि माणूस उगाच रिंग बदलतो.

टकटक. हा शब्द फोनवर किंवा लिहून कळत नाही, पण शोधायची पद्धत आहे. पहिलं टॅपेट लाव, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची सैल जागा काढ. ब्लॉकच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण उघड, आत पुशरॉडची खालची टोकं आणि ॲडजस्टर दिसतील. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला (सगळ्यात वर, दोन्ही वॉल्व्ह बंद) हवा, आणि सेटिंग असं की पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही, बोटंच लागतात. इथेच निम्म्या गाड्यांची टकटक संपते.

मग प्रायमरी चेन. डाव्या बाजूच्या केसमध्ये क्रँकपासून क्लचपर्यंत जाणारी डबल चेन सैल झाली की असा आवाज करते की अनुभवी माणूससुद्धा एकदा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँककडचा सांधा) म्हणेल. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचकडे बघ. हे सगळं नीट करून, इंजिन गरम झाल्यावर, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून जागा बदलत ऐक. थंड असताना वाजतं आणि गरम झाल्यावर कमी होतं ते बहुधा पिस्टन, म्हणजे बोअरमध्ये जास्त जागा झाली. गरम झाल्यावर वाढतं, आणि लोड दिल्यावर खालून जड ठोका येतो, ते बिग एंड. तो ठोका ऐकू आला तर गाडी त्याच क्षणी बंद कर आणि परत चालू करू नको, कारण ते पुढे गेलं की रॉडबरोबर केसपण जाते, आणि इंजिन नंबर केसवर असतो.

इथपर्यंत येऊन रिंग किंवा वॉल्व्ह असं निघालं असेल तर आता उघड.

उघडायच्या आधीची तयारी मी थोडक्यात सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे पण टाळता येत नाही. गाडी आधी बाहेरून डिझेल किंवा रॉकेलने आणि ब्रशने स्वच्छ धू, पेट्रोलने नको, बंद शेडमध्ये तर नकोच नको. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी फोटो, आणि प्रत्येक जागेच्या नट-बोल्टला वेगळी पिशवी आणि त्यावर नाव. पिशव्यांचं मी जास्त ठासून सांगतो कारण जुन्या बुलेटला इंग्लिश आट्यांचे बोल्ट आहेत आणि मधल्या काळात कुणी ना कुणी मेट्रिक बोल्ट घुसवलेले असतात, दोन्ही दिसायला सारखे, पहिले दोन आटे हाताने बसतातही, आणि मग पान्हा लावला की ॲल्युमिनियमच्या केसमधले आटे गेले. पान्हेसुद्धा इंचाचे घे, मेट्रिक पान्हा "जवळपास" बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो.

टाकी काढ, कार्बोरेटर, सायलेन्सर, रॉकरला ऑइल नेणारे पाइप, हेडला चेसीशी धरणारी पट्टी. रॉकर काढताना कुठला इनलेटचा, कुठला एक्झॉस्टचा, पुशरॉड कुठला कुठे, खुणा करून ठेव, त्यांनी एकमेकांशी घासून आपली जागा केलेली असते, अदलाबदल नको. हेडचे नट एकदम एक पूर्ण सोडून दुसरा असं नाही, तिरपे तिरपे, पाव पाव फेरी. ब्लॉक काढताना एक नट टॅपेटच्या कप्प्याच्या आत लपलेला आहे, बाहेरचे सगळे काढले आणि ब्लॉक हलत नाही म्हणून लोक पहारीने उचकटतात आणि फिन तोडतात. आधी तो नट. ब्लॉक वर उचलायला लागला की पिस्टन सुटायच्या आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंब, सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणारी छोटी कडी) आत पडली तर खालचं सगळं उघडावं लागतं.

आता ज्या कामासाठी मी एवढं लिहितोय ते. ब्लॉक हातात आहे. पुसून घे आणि बोअरच्या वरच्या कडेपासून खाली नख फिरव. जिथे वरची रिंग येऊन थांबते तिथे नखाला एक पायरी लागेल. पायरीच्या वर रिंग कधी पोचलीच नाही म्हणून तिथे मूळ माप शिल्लक आहे, खाली झीज झाली. ही पायरी नखाला नीट अडकत असेल तर नुसत्या नवीन रिंगा टाकून चालणार नाही, कारण नवीन वरच्या रिंगची धार कोरी असते, ती प्रत्येक फेरीला त्या पायरीवर आपटते आणि काही दिवसांत रिंग तुटते. "रिंगा बदलल्या आणि महिन्यात परत धूर" या तक्रारींमागे खूपदा हेच असतं.

नखानंतर माप. व्हर्नियरने बोअर मोजायला जाऊ नको, त्याचे जबडे गोल बोअरमध्ये नीट बसत नाहीत. बोअर डायल गेज लागतं, ते विकत घ्यायची गरज नाही, बोअरिंगच्या दुकानात असतं, ब्लॉक घेऊन जा आणि तुझ्यासमोर मोजायला लाव, चांगला माणूस नाही म्हणत नाही. तीन ठिकाणी मोज, पायरीच्या जरा खाली, मधे आणि तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा पुढे-मागे आणि एकदा डावी-उजवीकडे. सहा आकडे कागदावर लिही. पुढे-मागे माप नेहमी जास्त येणार कारण पिस्टन त्याच दिशेला ढकलला जातो. वर आणि खाली किती फरक पडला, दोन दिशांत किती फरक पडला, एवढ्यावरून बोअर मारायचा (म्हणजे दुकानात कापून मोठा करायचा) की नाही ते कळतं, कुणाच्या मताची गरज राहत नाही. मग पिस्टन, मायक्रोमीटरने, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) तळाशी, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात. जुन्या लोकांचा हवेवर थंड होणाऱ्या इंजिनचा हिशोब असा की बोअरच्या प्रत्येक इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जागा, म्हणजे आपल्या ७० मिलिमीटरला साधारण ३ थाऊ. पण पिस्टन ज्याने बनवला त्याने डब्यात जी चिठ्ठी दिली असेल तिचं ऐक, कारण धातू आणि आकाराप्रमाणे हे बदलतं.

रिंग बघायची सोपी युक्ती. रिंग पिस्टनवरून काढ, एकटी बोअरमध्ये ठेव, पिस्टनच्या डोक्याने खाली ढकल म्हणजे ती सरळ बसेल, आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोज. खाली, जिथे झीज कमी असते तिथे एकदा आणि वर एकदा. दोन्हीतला फरक म्हणजे बोअर किती निमुळता झालाय त्याचा पुरावा, आणि हे घरी होतं, गेज लागत नाही. नवीन रिंगला या बोअरमध्ये फट १० ते १५ थाऊच्या मधे असली की मी समाधानी असतो. १० च्या खाली असेल तर रिंग गरम होऊन फुगल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडतात, बारीक फाइलने टोक घासून घ्यायचं, थोडं थोडं, परत परत मोजत. नवीन रिंग आहे म्हणजे फट बरोबरच असणार असं धरू नको.

आता पिस्टन का आधी मागवायचा नाही ते कळलं असेल. मापावरून समजेल की तुला स्टँडर्ड चालेल, २० साइज (म्हणजे २० थाऊ मोठा) लागेल की ४० साइज. ब्लॉक आधीच ४० चा मारलेला असेल, जे इतक्या जुन्या गाडीत सहज शक्य आहे, तर लायनर, म्हणजे ब्लॉकच्या आत नवीन नळी, टाकावा लागेल, पिस्टनच्या डोक्यावर साइज कोरलेला असतो तो आधी वाच. साइज ठरला की पिस्टन आधी घे आणि तो पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही बोअरिंगवाल्याकडे दे. "वीसचा मार" एवढं सांगून ब्लॉक टाकून येऊ नको, त्याला सांग हा पिस्टन मोज आणि याच्यावर अमुक जागा ठेव. प्रत्येक पिस्टन एक-दोन थाऊने इकडे-तिकडे असतो. कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा पुण्यात जुनी दुकानं आहेत जी हे काम आयुष्यभर करतायत, अशा ठिकाणी दोन दिवस थांबायला सांगितलं तर थांब. शेवटी होनिंगच्या, म्हणजे दगडाने शेवटचं घासल्याच्या, तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, आरशासारखा गुळगुळीत बोअर बघून खूश होऊ नको, त्या रेघांमध्ये ऑइल थांबतं आणि रिंगा त्यांच्यावरच बसतात.

आणि ब्लॉक घरी आणल्यावर रॉकेलने नाही, गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धू. ब्रशने. पांढरं कापड आतून फिरवून ते काळं यायचं थांबेपर्यंत. होनिंगच्या दगडाची पूड रॉकेलने निघत नाही, ती रेघांमध्ये बसून राहते आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवशी खाते. धुतल्यावर लगेच कोरडं करून ऑइलचा हात, कास्ट आयर्न आहे, पावसाळी हवेत तासाभरात गंज धरतो.

हेडचं काम तुलनेने शांततेचं आहे आणि मला सगळ्यात आवडतं. वॉल्व्ह काढ, कार्बन लाकडी किंवा पितळी पट्टीने काढ, पोलादी नको. वॉल्व्ह गाईडमध्ये अर्धवट बाहेर ठेवून हलव, एक्झॉस्ट थोडा हलणार हे धर, पण डोळ्यांना स्पष्ट दिसेल एवढा हलत असेल तर गाईड बदलायचे आणि ते दुकानातच, कारण गाईड बदलल्यावर सीट परत कापावी लागते. गाईड ठीक असतील तर लॅपिंग पेस्ट लावून वॉल्व्ह घास, आधी जाड मग बारीक, मधे मधे उचलून जागा बदलत, सीटवर आणि वॉल्व्हवर सगळीकडून अखंड राखाडी पट्टी दिसेपर्यंत. धुऊन, स्प्रिंग बसवून, हेड तिरपं धर आणि पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओत. पाच मिनिटं दुसऱ्या बाजूला ओल आली नाही तर झालं.

आता खालचं. ब्लॉक निघालेला आहे, पिस्टन काढलाय, कनेक्टिंग रॉड समोर उभा आहे. क्रँक टॉपला आण, रॉड दोन्ही हातांनी धर आणि सरळ वर-खाली ओढ, दाब. बाजूला हलतो ते सोडून दे, तेवढा हलायलाच हवा. वर-खाली "टक" असं हाताला लागलं तर बिग एंड. पण इथे एक गोष्ट या इंजिनची खास आहे: बुलेटच्या बिग एंडला रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे, तो आतून क्रँकपिनवर आणि बाहेरून रॉडमध्ये दोन्हीकडे मोकळा फिरतो, दोन्हीकडे ऑइलची जागा असते. रॉकेलने धुऊन कोरडा केलेला असेल तर किंचित जाणीव होणारच. म्हणून आधी ऑइलच्या कॅनने बिग एंडवर भरपूर ऑइल सोड, रॉड फिरव, दहा मिनिटं थांब आणि मग तपास. ऑइल घातल्यावरही टक लागतं तर बुश गेला. कोरड्यावर तपासून चांगले क्रँक फोडलेले मी बघितलेत, ते बघवत नाही.

बिग एंड गेलाच असेल तर इंजिन खाली उतरव, केस उघड, क्रँक बाहेर काढ, इथपर्यंत तू घरी करू शकतोस. पुढचं घरी करू नकोस. क्रँक प्रेसवर फोडून नवीन पिन, बुश, रॉड टाकून परत बांधणं, आणि नंतर दोन सेंटरमध्ये धरून डायल लावून शाफ्ट सरळ आहे का बघणं, हे ज्याच्याकडे प्रेस आणि डायल आहे त्याचंच काम. बांधून आणताना त्याला डायल लावून दाखवायला सांग, दोन्ही शाफ्ट २ थाऊच्या आत फिरले पाहिजेत. हातोडीने बांधलेला क्रँक पन्नासच्या स्पीडला हँडल आणि फूटरेस्टमध्ये थरथर देतो आणि मेन बेअरिंग खातो.

टायमिंगची बाजू, म्हणजे उजवीकडची, उघडताना एकच गोष्ट कायम लक्षात ठेव: क्रँकच्या टोकाला जो वर्म नट आहे, जो ऑइल पंप फिरवतो, त्याचे आटे उलटे आहेत. घड्याळाच्या दिशेने सुटतो. लांब पाइप लावून उलट्या बाजूला जोर लावला तर शाफ्टचं टोक जातं. गिअर काढायच्या आधी त्यांच्यावरच्या ठिपक्यांच्या खुणा जुळवून फोटो काढ, झीज होऊन ठिपके पुसट झाले असतील तर पंच मारून स्वतःच्या कर. केस सँडब्लास्टिंगला देऊ नको, कितीही चमकते म्हटलं तरी. ऑइलच्या बारीक वाटांमध्ये अडकलेला एक वाळूचा कण नव्या बुशला पुरेसा आहे.

आणि टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकासमोर, कॉर्कचा एक छोटा सील असतो. किंमत अगदी किरकोळ, दिसायला बाटलीच्या बुचाचा तुकडा. पण पंपातून आलेलं ऑइल कव्हरमधून त्या कॉर्कच्या आधारानेच क्रँकच्या आत शिरतं आणि बिग एंडला पोचतं. तो चुरलेला असेल, वाकडा बसला असेल किंवा विसरला गेला असेल तर ऑइल टायमिंगच्या कप्प्यातच सांडतं, बिग एंड कोरडा राहतो, आणि रॉकरवर मात्र ऑइल दिसतं म्हणून माणूस निश्चिंत असतो. नवीन कॉर्क ऑइलमध्ये रात्रभर भिजव आणि सरळ दाबून बसव. कव्हरचं गॅस्केट लावताना ऑइलची भोकं गॅस्केटवर आहेत आणि जुळतात ना ते डोळ्याने बघ, बाजारात मिळणाऱ्या काही गॅस्केटमध्ये भोक सरकलेलं असतं. सिलिकॉनचा थर थापू नको, आतल्या बाजूने निघालेला त्याचा दोरा ऑइलच्या वाटेत जातो. फेल्टचा ऑइल फिल्टर नवीन टाकताना त्या पोकळीत ऑइल भरून मगच झाकण बंद कर म्हणजे पंप कोरडा ओढत बसत नाही.

हेड लावायच्या आधी एक काम करून घे जे नंतर फार अवघड होतं. पॉइंटचं (प्लगची ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टचं) टायमिंग पिस्टन टॉपच्या ०.८ मिलिमीटर आधी, ॲडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असताना पॉइंट नुकते उघडायला लागावेत, असं आहे. हेड लागलं की प्लगचं भोक तिरकं, त्यातून तार घालून ०.८ मोजणं म्हणजे अंदाजच. पण ब्लॉक लागलाय आणि हेड नाही अशा वेळी व्हर्नियरच्या मागच्या दांडीने पिस्टनची खोली थेट मोजता येते. टॉप शोध, मग थोडं जास्त मागे ने आणि इंजिन चालतं त्या दिशेने पुढे आणत ०.८ वर थांब, म्हणजे गिअरमधली सैल जागा निघून जाते. डावीकडे अल्टरनेटरच्या रोटरवर आणि समोर स्थिर भागावर बारीक खूण कर. आयुष्यभर उपयोगी पडेल. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट कधी उघडले ते इग्निशन चालू ठेवून अँमीटरच्या काट्यावर दिसतं, काटा मागून मध्यावर आला की उघडले.

सर्क्लिप नवीनच, जुन्या परत वापरायच्या नाहीत. रिंगांच्या फटी एकमेकींच्या समोर नकोत. पिस्टनला ऑइलचा हात, बोअरला पातळ हात, हेडचे नट परत तिरपे तिरपे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने.

पहिली किक मारायच्या आधी प्लग काढून डीकॉम्प्रेशन दाबून किक मारत राहा, रॉकरकडे जाणाऱ्या पाइपचा बोल्ट सैल करून ठेव, तिथे ऑइल यायला हवं. टायमिंग कव्हरवरचा क्रँकच्या फीडचा प्लग अर्धा सैल करूनही बघ, तिथे ऑइल दिसल्याशिवाय मी गाडी चालू करत नाही. चालू झाल्यावर आयडलवर सोडून चहा प्यायला जाऊ नको, नव्या रिंगांना दाब लागतो तरच त्या बोअरवर बसतात. लगेच रस्त्यावर ने, हलका थ्रॉटल, दे-सोड, दे-सोड, दहा-पंधरा मिनिटांनी घरी आण आणि पूर्ण थंड होऊ दे. असं तीन-चार वेळा. मग हेडचे नट परत तपास, टॅपेट परत लाव, ते बदललेले असणारच. पहिल्या ५० किलोमीटरला ऑइल बदल आणि निघालेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरव. पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आसपास, एकाच स्पीडला लांब जाऊ नको, आणि वरच्या गिअरमध्ये कण्हत चढू देऊ नको, खंबाटकी किंवा कात्रज दोघांनी बसून नंतर.

कागदांचं एक. केस वेल्डिंग करायची किंवा बदलायची वेळ आली तर नंबरच्या जागेला कुणालाही ग्राइंडर लावू देऊ नको, आणि केस बदललीच तर बिल ठेवून आरटीओमध्ये नोंद कर. पंधरा वर्षांवरची गाडी आहे, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला तो नंबर बघतात.

तर तू आधी ड्रेन प्लग, ब्रीदर, टॅपेट, प्रायमरी चेन एवढं कर. तरीही उघडावं लागलं तर ब्लॉकचे सहा आकडे, पिस्टनच्या स्कर्टचं माप, पिस्टनवर कोरलेला साइज, रिंगची वरची आणि खालची फट, आणि ऑइल घातल्यावर रॉड वर-खाली लागतो का, एवढं लिहून पाठव. नेमकं काय मागवायचं ते त्यावरून सांगतो.